सात नंबरच्या केबिनची खिडकी

आमचे भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, चौतीस वर्षं एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. साहेब कागदावर चार रेघोट्या मारून घरी जायचे आणि त्या रेघोट्यांचं घर करायचं काम भावोजींकडे यायचं. जिन्याला पायऱ्या किती, दार कुठल्या बाजूला उघडणार, मोरीचं पाणी कुठून जाणार, सगळं यांनी काढायचं आणि खाली कोपऱ्यात नाव साहेबांचं. मला याचा फार राग यायचा आणि मी तो बोलूनही दाखवायचे. भावोजी नुसते हसायचे. "अगं, शाई माझीच असते ना!" म्हणायचे.

एकच गोष्ट ते स्वतःची मानायचे. जंगलातल्या एका डोंगरउतारावर नऊ लाकडी केबिन्स बांधायच्या होत्या. साहेबांना प्रत्येक केबिनला जमिनीपासून छतापर्यंत काच हवी होती. सात नंबरला भावोजी अडून बसले. एवढी काच लावली तर डोंगराच्या आधी खालच्या केबिन्सची छपरं आणि उभ्या गाड्याच दिसणार. त्यापेक्षा भिंतभर लांब पण अरुंद खिडकी वरच्या अंगाला घ्या, म्हणजे नुसता डोंगर दिसेल. चौतीस वर्षांत साहेबांनी त्यांचं ऐकलं ते एवढंच. ती खिडकी भावोजींनी पाहिली होती फक्त कागदावर. ताईने तर तशीही नाही. रोज उशिरा घरी येणारा नवरा तिने पाहिला, दिवसभर तो काय करून आला ते कधी पाहिलं नाही.

निवृत्त झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात भावोजींनी सहल जाहीर केली. तीन दिवस, दोन केबिन्स, मधलं अंतर पायी, शेवटचा मुक्काम सात नंबर. मला गॅलरीत नेऊन हळूच म्हणाले, "तुझ्या ताईने एकदा त्या खिडकीत उभं राहून 'छान केलंय' म्हणावं. बाकी मला काही नको." हा माणूस स्वतःसाठी कधी काही मागत नाही.

मग आखणी सुरू झाली. जेवणाच्या टेबलावर ट्रेसिंग पेपर पसरला आणि आठ दिवस नवराबायको ताटं मांडीवर घेऊन जेवली. भावोजींनी पायवाटेचा छेद काढला, म्हणजे केक कापल्यासारखा डोंगर कापून चढ कुठे, सपाटी कुठे आणि ताईने पाणी कुठे प्यायचं ते दाखवलं. एवढ्यावर भागलं नाही. सॅकचाही छेद काढला. तळाशी रेनकोट, त्यावर स्वेटर, कडेला मोज्यांच्या तीन जोड्या, सगळं अगदी प्रमाणात. ताईच्या चालीचा अंदाज यावा म्हणून तिला पाठीवर पाण्याच्या बाटल्या देऊन बिल्डिंगचे चार मजले चढायला लावलं आणि हे खाली घड्याळ घेऊन उभे. ताई रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते, दिवस उभ्यानेच जातो. तिसऱ्या संध्याकाळी तिने तिसऱ्या मजल्यावर बसकण मारली आणि वरूनच ओरडली, "अहो, मला डोंगर चढायचाय की परीक्षेला बसायचंय?"

केबिनवाल्यांनाही त्यांनी सोडलं नाही. तीन वेळा फोन केला. सात नंबरच मिळणार ना? खिडकीसमोर झाड तर वाढलं नाही ना? काच पुसलेली असते का? पण ती खिडकी आपण काढलीय हे मात्र एकदाही सांगितलं नाही. शेवटी फोनवरची बाई म्हणाली, "काका, तुम्ही एकदा येऊनच बघा."

मला ताईने सोबत ओढलं. "हे सारखे बोलत राहणार आणि मला धाप लागलेली असणार. हं हं म्हणायला कुणीतरी हवं," म्हणाली.

पहिली केबिन पाहून मी खरंच हरखले. भिंतीच्या कोनाड्यात बसवलेला पलंग, उशाशी वाचायला दिवा, शेगडीच्या कडेला ओले बूट वाळवायची फळी. कुठे कशाची अडचण नाही. भावोजी बिजागऱ्या हलवून बघत होते आणि ताई पांघरुणात शिरून "मी आता उठत नाही" म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी मात्र आखणीचे तीनतेरा वाजले. कागदावर जिथे विश्रांती होती तिथे ताई तरातरा पुढे निघून जायची आणि जिथे भराभर चालायचं होतं तिथे ओढ्यात पाय सोडून बसायची. दगडावरचं शेवाळ हाताने चाचपायची. एका पक्ष्यापायी तर तिने पाव तास घालवला. भावोजींनी आधी दोनदा घड्याळ दाखवलं, मग कागदाची घडी करून खिशात टाकली आणि तिच्याशेजारी ओढ्यात पाय सोडले. इतक्या वर्षांत मी त्या दोघांना असं बिनकामाचं बसलेलं पाहिलं नव्हतं.

सात नंबरला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. भावोजींनी दार उघडलं आणि स्वतः बाहेरच थांबले. मी आत शिरून टाचा उंचावल्या. डोंगराची अख्खी धार खिडकीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरली होती. वर कुणी काही वाढवायला नको, खालचं काही काढायला नको. मला भावोजींचा अभिमान वाटला. मग ताई खिडकीपाशी गेली.

"काय?" भावोजींनी दारातून विचारलं.

"आभाळ दिसतंय."

"आणि डोंगर?"

"नाही हो. नुसतं आभाळ."

लॅबमधली बाई, आहे तोच रिपोर्ट देणार. भावोजींना आधी थट्टाच वाटली. हसत आत आले, तिच्याशेजारी उभे राहिले. भावोजी चांगले सहा फूट, ताई त्यांच्या खांद्यालाही लागत नाही. त्यांना डोंगर दिसला. मग त्यांनी गुडघे वाकवले, ताईच्या डोक्याला डोकं लागेपर्यंत खाली आले आणि तसेच राहिले.

"खोलीची उंची कळावी म्हणून छेदात एक माणूस काढतात," पलंगावर बसत ते म्हणाले. "चौतीस वर्षं काढतोय. तो माझ्याच उंचीचा आहे गं."

मी लगबगीने स्टूल ओढलं. ताईने मानेनेच नको म्हटलं.

"खोली छान केलीय," ती भावोजींना म्हणाली. "खरंच छान. पण ही खिडकी माझ्यासाठी नाही केलेली."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. चेहरा पार उतरलेला तो उंच माणूस मला बघवेना. जे ऐकायला एवढा डोंगर चढून आले होते ते त्यांना अर्धंच मिळालं होतं, आणि उरलेल्या अर्ध्याबद्दल ताईचं काही चुकलं असं मला म्हणता येत नव्हतं.

भावोजी उठले. खिशातून टेप काढला, कानामागची पेन्सिल काढली.

"इकडे ये जरा. भिंतीला टेकून उभी राहा."

ताई टेकली. आणि काय वाटलं कोण जाणे, तिने हळूच टाचा उचलल्या.

"टाचा खाली," भावोजी म्हणाले. "आहेस तेवढीच राहा."

तिने टाचा टेकल्या. त्यांनी वाकून तिच्या डोळ्यांशेजारी लाकडावर एक बारीक रेघ ओढली.