नकली म्हणाल तर भांडीन

माझा खेळ नकली होता असं जो म्हणेल त्याच्याशी मी आजही भांडायला तयार आहे. वय झालं, संसार झाला, पण एवढा एक मुद्दा मी सोडलेला नाही. सोडणारही नाही.

खेळ साधा होता. सहा राक्षस तुमचे, सहा समोरच्याचे. कोणी आगीचा, कोणी पाण्याचा, कोणी नुसता दगड. दोघांनी आपापली चाल मनात ठरवायची आणि ती एकाच वेळी उघड व्हायची. समोरचा आता काय करील, आणि मी काय करीन असं त्याला वाटत असेल, याचा सगळा हिशोब डोक्यात. लोकांना वाटायचं ही पोरगी कार्टून बघते आहे. कार्टून मी शाळेत असताना बघितलं होतं, केबलवर, हिंदीत. हे वेगळं होतं.

हा खेळ खेळायच्या दोन तऱ्हा होत्या. एक तऱ्हा दादाची. दादा म्हणजे माझ्या मोठ्या बाबांचा, थोरल्या काकांचा मुलगा. तो नागपूरला इंजिनीअरिंगला होता आणि बारावी चांगली झाली म्हणून त्याला हातात धरून खेळायचा कन्सोल मिळाला होता. त्यात राक्षस आधी मिळवावे लागत. अंड्यातून काढायचे, त्यासाठी खेळातल्या रस्त्यावर येरझारा घालायच्या, मग त्यांना वाढवायचं, शिकवायचं. एक पसंतीचा राक्षस तयार व्हायला आठवडे जात. मग इंटरनेट जोडून दुसऱ्या कन्सोलवाल्याशी लढायचं.

दुसरी तऱ्हा माझी. आमच्या तिरोड्याच्या घरी जुना कॉम्प्युटर होता आणि टेलिफोनच्या तारेतून येणारं इंटरनेट. त्यावर एक सिम्युलेटर चालायचा, म्हणजे फक्त लढाईची हुबेहूब नक्कल. तिथे काही पाळायचं नाही, काही वाढवायचं नाही. कोणताही राक्षस घ्या, त्याला कोणत्याही चाली द्या, आणि पाचव्या मिनिटाला कोणा अनोळखी माणसासमोर उभे राहा. सगळ्यांकडे सगळं सारखं. फरक पडायचा तो फक्त डोक्याचा. कॉलेजातून आले की मी त्याच्यासमोर बसायची आणि आई ओरडेपर्यंत उठायची नाही.

यातली अडचण तिरोड्याची होती. गच्चीवर गेलं की वीज केंद्राच्या चिमण्या दिसायच्या, आणि खाली घरात लाइट नसायची. ती वीज कुठे जायची ते तिलाच माहीत, आमच्या गल्लीत काही यायची नाही. सिम्युलेटरवर नियम कडक होता. तुम्ही मधेच गळालात तर थोडा वेळ तुमची वाट बघितली जायची, तेवढ्यात परत आलात तर ठीक, नाहीतर हार. कारण कोणी विचारत नसे. जिंकत आलेल्या कितीतरी मॅच मी लोडशेडिंगमध्ये हरले आणि प्रत्येक हार माझ्या नावावर चढली. मी चिडायची, की-बोर्ड आपटायची, आणि लाइट आली की पुन्हा बसायची. एवढं असूनही खेळाडूंच्या क्रमवारीची जी यादी तिथे लागायची तिच्यात मी बऱ्यापैकी वर होते. मला त्याचा माज होता, कबूल आहे.

कन्सोलवर असं नव्हतं. तिथे त्या काळी मधेच जोडणी तुटली तर मॅच झालीच नाही असं धरलं जायचं. त्यामुळे हरायची वेळ आली की लोक सरळ बटण बंद करून टाकत. हे दादानंच मला हसत हसत सांगितलं होतं.

दिवाळीत आम्ही सगळे मोठ्या बाबांच्या गावी जमलो. धान कापणीला आलेला, घरात चिवड्याचा वास. दादा छपरीत, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, कन्सोल घेऊन बसला होता. मी त्याला माझी यादीतली जागा सांगितली.

"ते नकली आहे," तो म्हणाला. "पाळायचं नाही, वाढवायचं नाही, आयते राक्षस घेऊन टाइमपास करून राहिली तू. मी एकेक अंडं उबवलं आहे."

"उबवलं असशील. लढतो कसा ते बोल ना."

"लढायचं असंल तं कन्सोल आण. त्या नकली वेबसाइटवर मी खेळत नाही."

सगळ्या चुलत भावंडांसमोर बोलला. ती हसली. एक लहान बहीण तर मला नकली दीदी म्हणायला लागली आणि दिवाळीभर म्हणत राहिली. मला तेव्हा एकच गोष्ट हवी होती. दादानं याच छपरीत, याच सगळ्यांसमोर म्हणायला हवं होतं की मी हिच्याकडून हरलो. नोकरी, लग्न, फर्स्ट क्लास, सगळं त्याच्यानंतर.

मी तिरोड्याहून गोंदियाला कॉलेजसाठी रेल्वेनं अप-डाउन करायची. वर्गात एक मैत्रीण होती, राइस मिलवाल्यांची. तिच्याकडे तोच कन्सोल होता, हे मला तेव्हा तिला विचारल्यावर कळलं. ती हौसेनं खेळायची, लढाईत तिला रस नव्हता. तिचे राक्षस म्हणजे जो गोड दिसला तो ठेवला असा कारभार. मी तिला सगळं सांगितलं तर ती खूश झाली.

"ले ना, खेल," ती म्हणाली. "पर मेरे वालों को मरने मत देना."

"मरत नाहीत गं ते, बेशुद्ध होतात."

"वही तो."

मी दादाला फोन केला, कन्सोल मिळाला म्हणून सांगितलं, शनिवारी दुपारची वेळ ठरली. कुठून खेळणार हे त्यानं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. मी खेळले गोंदियात, मैत्रिणीच्या घरी, मिलच्या ऑफिसच्या वरच्या खोलीत. खाली मिल चालू होती, जमीन थरथरत होती, आणि सगळ्यावर तुसाचा बारीक थर होता.

तिच्या राक्षसांना धड शिकवलेलं नव्हतं. एकाकडे तर चारपैकी दोन चाली निव्वळ झोपायच्या होत्या. पण मी सिम्युलेटरवर असली फालतू टीम घेऊनही खेळले होते, आणि मुख्य म्हणजे मला दादा ठाऊक होता. त्याला आपला सगळ्यात लाडका राक्षस धोक्यात घालवत नाही. जरा संकट दिसलं की तो त्याला मागे घेणार आणि दुसऱ्याला पुढे करणार. मी हल्ला समोर दिसणाऱ्यावर केलाच नाही, तो मागून जो आणील त्याच्यावर करत गेले. तीनदा तसंच झालं. शेवटी त्याचा तो लाडका एकटा उरला, माझे दोन शिल्लक होते, आणि माझा राक्षस जास्त चपळ, म्हणून वार आधी माझाच पडणार होता. मी बटण दाबलं.

पडद्यावर आलं की जोडणी तुटली.

लगेच त्याचा फोन. "तुयाकडची लाइट गेली ना? जाऊ दे, मॅच अधुरी राहिली."

"दादा, मी गोंदियात आहे. माझ्या डोक्यावर पंखा फिरून राहिला."

मग म्हणाला, "मंग नेट गेलं असंल," आणि ठेवून दिला.

आता खरा ताप सुरू झाला. त्यानं घरी सगळ्यांना सांगितलं की लाइट गेली म्हणून मॅच अधुरी राहिली. आणि सगळ्यांनी मान डोलावली. तिरोड्याच्या पोरीची लाइट गेली यात न पटण्यासारखं काय आहे? मी गोंदियात होते असं सांगून सांगून माझं तोंड दुखलं. माझी सख्खी आई म्हणाली, "गेलीच असंल माय, लाइटचा का भरोसा." मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. खोटं बोलणारा एक, पण त्याच्या खोट्याला आमच्या अख्ख्या तालुक्याची साक्ष होती.

हिवाळ्यात मोठ्या बाबांच्या गावच्या बाजूला शंकरपट भरला. पट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, आमच्या झाडीपट्टीचं वेड. मोठ्या बाबांची जोडी त्यात होती. मोठे बाबा बैलांना पोटच्या पोरांसारखं पाळत, पण छकडा हाकायला मात्र बाहेरगावचा धुरकरी बोलावत. धुरकरी म्हणजे जोडी हाकणारा. त्या दिवशी त्यानं अशी काही जोडी सोडली की बघणारे बघतच राहिले. पहिला नंबर आला. भोंग्यावर नाव पुकारलं गेलं ते मोठ्या बाबांचं. फेटा त्यांना. धुरकरी एका बाजूला बैलांच्या पाठीवरून हात फिरवत होता आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. पटाची रीतच ती.

संध्याकाळी छपरीत सगळे बसले होते. मोठ्या बाबांच्या डोक्यावर फेटा तसाच. मी म्हटलं, "मोठे बाबा, जोडी हाकली त्यानं आणि जिंकले तुम्ही, हे कसं?"

"बैल माये," ते म्हणाले. "चारा माया, मेहनत माई. तो चांगला हाकते, खोटं कायले बोलू. पन जिंकते जोडीवाला."

मला ते पटलं नाही. आजही पटत नाही. मी म्हटलं, तो नसता तर तुमची जोडी आडरानात गेली असती. मोठे बाबा हसले, रागावले नाहीत. आणि तिथे दादाला राहवेना. बापाची बाजू घ्यायची म्हणा की माझी जिरवायची म्हणा, तो मधे पडला.

"तुले झोंबून राहिलं कारण तूही तशीच," तो म्हणाला. "राक्षस तुया मैत्रिणीचे होते. आपल्या रितीनं पाहिलं तं ती जिंकली, तू कशी जिंकली?"

तो काय बोलून गेला हे माझ्याही लगेच लक्षात आलं नाही. मोठ्या बाबांच्या आलं.

"जिंकली?" ते म्हणाले. "तू तं लाइट गेली म्हनत होता."

दादाचं तोंड बघण्यासारखं झालं. मला नकली दीदी म्हणणारी बहीण खुदकन हसली, आणि या वेळी माझ्यावर नाही. दुसरी कोणी असती तर तिथेच थांबली असती. मी थांबले नाही. त्यानं कबूल केलं होतं, पण जीत टाकली होती भलतीच्याच पदरात. जिनं ते राक्षस गोड दिसतात म्हणून ठेवले होते ती जिंकली, आणि ज्या डोक्यानं त्याला हरवलं ते कुठेच नाही. हे मी कशाला ऐकून घेऊ?

दादाचा लॅपटॉप तिथेच तक्तपोसावर, म्हणजे लाकडी पलंगावर होता, इंटरनेटचा डोंगल लावलेला. मी तो उघडला आणि सिम्युलेटर लावला.

"इथं कोणाचेच बैल नाहीत," मी म्हटलं. "तुला हवे ते सहा घे, मी मला हवे ते घेते. सगळ्यांसमोर खेळू. इथं हरलास तर माझ्याकडूनच हरशील."

त्यानं पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मी नाही खेळत त्याच्यावर," तो म्हणाला.

मोठ्या बाबांना त्या खेळातलं काही कळत नव्हतं. त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला आणि खरंच कळत नाही म्हणून विचारलं, "काऊन रे? नकलीच आहे म्हनते ना तू? मंग हारलं तं का जाते?"

दादानं लॅपटॉप मिटला.