आबांची शिट्टी पाण्यात नेऊ नका

मार्गशीर्षातला रविवार, सकाळची वेळ. स्थळ : भुसावळला आबांच्या दारात घातलेला मांडव. निमित्त : आबांची गंधमुक्ती, म्हणजे सुतक फिटण्याचा दिवस. हजर : आबांच्या पत्नी, ज्यांना आम्ही सगळे अक्का म्हणतो, त्यांचा मुलगा विवेक, आमच्या कयाक मंडळातले निवृत्त इंजिन ड्रायव्हर प्रल्हादभाऊ आणि बोदवडच्या शिक्षिका सुनंदा मॅडम, नातेवाईक, शेजारी आणि मी. गैरहजर : ज्यांच्याशी माझं भांडण अर्धवट राहिलं, ते.

आबांवर लिहा, असं पुरवणीवाल्यांनी सांगितलं तेव्हा मी आधीच बजावलं होतं, गोड लिहिता येणार नाही. मांडवात गोड बोलणारे पुष्कळ होते. आबा मनमिळाऊ, आबा दिलदार, आबांनी कोणाला दुखावलं नाही... मला दुखावलं. दर रविवारी, ठरवून, चारचौघांत. मी दीपनगरला राहते. आलेला माल तपासून घेणं हे माझं नोकरीतलं काम आहे आणि घरीही मी तशीच वागते. आबांना त्याचा राग यायचा. मी तपासणीचा कागद काढला की ते प्रल्हादभाऊंना म्हणायचे, "आली पाहा बाईची यादी. यादी पाण्यावर तरंगते का वं, बाई?" आणि सगळे हसायचे.

आबा रेल्वेत गार्ड होते. निवृत्तीनंतर गुडघ्यांनी चालणं सोडायला लावलं म्हणून त्यांनी वल्हं हातात घेतलं आणि तापीच्या फुगवट्यावर, धरणामागच्या संथ पाण्यावर, एकेकट्याने वल्हवायच्या कयाक होड्यांचं आमचं छोटं मंडळ उभं राहिलं. जागा त्यांनी शोधली, पत्र्याची शेड त्यांनी मिळवली, पाण्याला घाबरणाऱ्या बायकांना होडीत त्यांनी बसवलं. हे खरं आहे आणि मी ते लिहिते आहे. पण मंडळही त्यांनी गाडीसारखंच चालवलं. प्रल्हादभाऊ सर्वांत पुढे, कारण ते ड्रायव्हर. आबा सर्वांत शेवटी, कारण गार्डाचा डबा शेवटी. निघताना आबा हात वर करून पितळी शिट्टी लांबवर फुंकायचे, प्रल्हादभाऊ पहिलं वल्हं मारायचे आणि आमची रांग सुटायची. बघणाऱ्याला मजा वाटे. मला वाटत नसे.

कारण शिट्टी ही पाण्यावर निघण्यासाठी नसते, अडकल्यावर हाक मारण्यासाठी असते. मी सगळे पर्याय काठावर मांडून दाखवले होते. दाबला की ओरडणारा गॅसचा भोंगा : आवाज मोठा, पण डबी कधी रिकामी होईल सांगता येत नाही. बॅटरीचा भोंगा : ओलसर हवेत भरवसा नाही. शंख : हा एका नातेवाइकाचा सल्ला, तो होडीत ठेवणार कुठे, हे त्यांनी सांगितलं नाही. उरली शिट्टी. तीसुद्धा आत गोळी नसलेली, प्लास्टिकची, भडक नारिंगी, तरंगायच्या जॅकेटच्या खांद्याला आखूड दोरीने बांधलेली, एका हाताने तोंडाशी येणारी. पितळी शिट्टीत बुचाची गोळी असते. आत पाणी शिरलं की ती चिकटते. मी बादलीत दोन्ही बुडवून वाजवून दाखवल्या. नारिंगी वाजली. आबांची फुसफुसली. आबांनी ती धोतराच्या सोग्याला पुसली, झटकली आणि माझ्या कानाशी अशी फुंकली की मी दचकून मागे सरले. "या शिटीवर म्या अख्खी गाडी हालवली. तुही होडी कोन्या झाडाचा पाला?" पुन्हा हशा.

मग व्हायचं ते झालं. वाऱ्याचा दिवस होता. लव्हाळ्याच्या वळणावर सुनंदा मॅडमची कयाक कलंडली. पाठीमागे फक्त आबा, म्हणून पाहिलं फक्त आबांनी. त्यांनी जिवाच्या आकांताने लांब शिट्टी मारली. पुढे प्रल्हादभाऊंनी ती ऐकली आणि मागे न बघता जोरात वल्हं मारलं. बाकीचे त्यांच्यामागे. आबा मॅडमपाशी पोचेपर्यंत लाटेने शिट्टी भिजली होती. दुसऱ्यांदा फुंकली तर नुसती हवा. ओरडले, पण वारा उलटा. मी सवयीने डोकी मोजायला वळले म्हणून मला रिकामी होडी दिसली. आम्ही वळून येईपर्यंत आबांनी एका हाताने मॅडमची कॉलर धरून ठेवली होती. म्हातारा धापा टाकत होता, पण हात सुटला नव्हता.

काठावर मी त्यांना सोडलं नाही. "आबा, आज तरी बदला."

"शिटी बराबर होती. ऐकनारा चुकला."

तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा प्रल्हादभाऊ आबांवर तडकले. "मी चुकलो? आबा, गार्डाची शिटी वाजली, म्या गाडी काढली! जिंदगीभर तुमी मले 'चाल' सांगाले वाजवली, अन् आज 'थांब' समजू?"

आबा कलंडलेल्या होडीतलं पाणी उपसायला वळले. मला वाटलं, संपलं. पुढच्या रविवारी मी सगळ्या जॅकेटांना नारिंगी शिट्ट्या लावल्या, तीन फुंकरी म्हणजे मदत हे सगळ्यांकडून घोकून घेतलं. आबांनी आपल्या जॅकेटवरची माझी शिट्टी कापून माझ्या हातात ठेवली आणि तिथे पितळी बांधली. घट्ट. त्यांचं पाहून काही जणांनीही लगेच नारिंगी शिट्ट्या काढून टाकल्या. त्या दिवसापासून आम्ही एकमेकांशी कामापुरतंच बोललो. मग एका पहाटे विवेकचा फोन आला. आबांना जळगावला नेलं होतं, हृदयाचं दुखणं. तिथून ते परतलेच नाहीत. पाण्याचा त्यात काही दोष नाही.

आता मांडवात या. जेवणं झाली आणि विवेकने पिशवी उघडली. वडिलांची आठवण म्हणून त्याने पितळी शिट्ट्या करून आणल्या होत्या, लाल गोफाच्या, वर आबांचं नाव कोरलेल्या. आलेल्या प्रत्येकाच्या हातात एक. लोकांनी त्या कपाळाला लावल्या. सुनंदा मॅडमनी, त्याच सुनंदा मॅडमनी, डोळे पुसत गळ्यात घातली. "रविवारी हीच जॅकेटला बांधणार. आबा पाठीशी आहेत असं वाटेल."

माझं डोकं सणकलं. हात धुण्याच्या पिंपात मी माझ्या वाट्याची शिट्टी बुडवली आणि सगळ्यांसमोर फुंकली. फुस्स. पुन्हा फुस्स. एक नातेवाईक म्हणाले, "अहो, आज तरी..." मी म्हटलं, "आजच. झटकली की वाजेल, पण बुडणारा माणूस झटकत बसत नाही." विवेकचा चेहरा उतरला होता. त्याने मन लावून आणलेली वस्तू होती ती, हे मला दिसत होतं. तरी मी ओली शिट्टी मॅडमच्या हातावर ठेवली. "वाजवा." मॅडमनी फुंकली. मग गळ्यातली काढून पर्समध्ये टाकली आणि माझ्याकडे पाहिलंही नाही.

अक्का कोपऱ्यात बसून सगळं बघत होत्या. त्या धुळ्याकडच्या, रागावल्या की अहिराणीत बोलतात. त्यांनी मला जवळ बोलावलं, मी शिव्या खायच्या तयारीने गेले. "बठ्ठा लोक तेले चांगलं म्हनतस," त्या म्हणाल्या. "तू एकली भांडस. खरं सांग, ती शिटी पानीवर चालस का?"

"नाही, अक्का."

त्यांनी पदर खोचला. मग म्हणाल्या, "मंग ती शिटी तेन्ही जाकीटवरनी काढी आन. माले दे."

म्हणून हे लिहिते आहे. ज्यांना ती शिट्टी मिळाली, त्यांनी ती देव्हाऱ्यात ठेवावी, खुंटीला लावावी, नातवंडांना द्यावी. पाण्यावर नेऊ नये. ज्यांना हा आबांचा अपमान वाटतो, त्यांनी पिंपात बुडवून पाहावी आणि मग माझ्याशी भांडावं.

आबांचं जॅकेट शेडमध्ये शेवटच्या खुंटीवर आहे. येत्या रविवारी एक नवी सभासद येते आहे आणि तिच्या मापाचं तेवढंच जॅकेट मोकळं आहे. नारिंगी शिट्टी माझ्या पर्समध्ये आहे, तीच, त्यांनी कापून परत दिलेली. कात्रीही आहे. काल शेडमध्ये जाऊन आले. गाठ त्यांनी खरोखर घट्ट मारली आहे... कापायची नाही, सोडवायची, असं माझं मीच ठरवलं आणि गाठ तशीच ठेवून परत आले. अक्कांकडे शिट्टी पोचवायची राहिली आहे.