बर्फाच्या खणातलं इन्सुलिन

माझा स्वभाव तापट, हे आधीच सांगून टाकते. बाबा म्हणायचे, मास्तर मी होतो, पण छडी हिच्या हाती गेली.

पिपरी मेघेत आम्ही दोघंच राहायचो, रिटायर झालेले बाबा आणि नोकरी करणारी मी. बाबांना मधुमेह. रोज सकाळी इन्सुलिन मीच टोचायची. आधी ती इवलीशी बाटली पिशवीत बांधून माठात सोडायचो, काम भागायचं. दोन हजार सालानंतर कधीतरी फ्रिज घेतला आणि त्याच उन्हाळ्यात लोडशेडिंग वाढलं. भर दुपारी तासन्‌तास लाईन गायब. मी शक्कल लढवली: बाटली वर, बर्फाच्या खणात. जितकी थंड तितकी चांगली! सकाळी ती दगड झालेली असायची. मुठीत धरून बसलं की औषध पुन्हा पांढुरकं, पातळ. मला काही वावगं वाटलं नाही.

पंधरा दिवसांत बाबांची शुगर चारशेवर. सारखी तहान, पँट कमरेवर ठरेना. त्यात आंब्याचे दिवस. मी काय समजायचं ते समजले.

"बाबा, आंबा खाल्ला ना?"

"नाई वं माय."

"मग शुगर काय हवेतून आली?"

त्यांचं कपाट तपासलं, उशीखाली पाहिलं. शेजारच्या काकूंना त्यांच्यासमोरच बजावलं, यांना काही देत जाऊ नका. बाबा आधी चिडले. "काऊन खोटं बोलू मी?" मग चार दिवसांनी गप्पच झाले. मला वाटलं, चला, चोरी कबूल झाली.

तरी शुगर उतरेना, तेव्हा डॉक्टरांनी आम्हाला बाटली घेऊन बोलावलं, ती उजेडात धरून हलवली. काचेला आतून बारीक कण चिकटले होते. कुठे ठेवता, त्यांनी विचारलं. मी ऐटीत सांगितलं.

"अहो, हे एकदा गोठलं की संपलं. नंतर औषधासारखं दिसतं, पण त्यात जोर उरत नाही."

खोबरेल तेल थंडीत घट्ट होतं, उन्हात ठेवलं की सुटतं. तुपाचं तेच, पाण्याचं तेच. घरात गोठलेलं सगळं जसंच्या तसं परत आलेलं पाहिलं होतं, म्हणून औषधाचंही तसंच, असं मी धरूनच चालले. काही गोष्टी गोठताना आतून मोडतात, हे मला ठाऊक नव्हतं. आणि ठाऊक नसताना मी बापाला खोटारडा ठरवलं होतं. लाज वाटली मला, भयंकर लाज वाटली.

परत येताना ऑटोत कसंबसं म्हटलं, "बाबा, चूक माझी होती. तुम्ही काहीच खाल्लं नव्हतं."



"खरंच? मले तं वाटून राह्यलं होतं का मी खाऊन विसरलो. रोज आठवून पाहो, कुठं खाल्ला, कोणं देल्ला. काईच आठवे नाई. म्हटलं, गेलं आता डोकं."

मला रडू फुटलं. बाबा मात्र पुढे वाकून ऑटोवाल्याला खुशीत सांगत होते, "डोकं शाबूत हाये बाप्पा माह्यं!"