आईचा दुसरा बाप्तिस्मा

आमची आई नरकात जाणार, हे माझ्या धाकट्या भावाने तिच्याच हातची भाकरी खाताना सांगितलं. शब्द इतके उघडे नव्हते. तो म्हणाला, "आई, तुझं तारण झालेलं नाही." पण आम्ही ख्रिस्ती घरातली माणसं, पुढचं कोणी फोडून सांगावं लागत नाही. मी सुकटीची चटणी वाढत होते. चमचा भांड्यात आपटला आणि म्हटलं, "जेव आधी. मग पाठव आईला कुठे पाठवायचं ते."

तो बदलापूरला मांजर्लीत राहतो, आई आणि मी अंबरनाथ पूर्वेला. तीन वर्षांपूर्वीपर्यंत तो प्यायचा, आणि थोडीथोडकी नाही. मग उल्हासनगरच्या एका फेलोशिपमध्ये, म्हणजे नव्या पंथाच्या प्रार्थनासभेत, कोणीतरी त्याला नेलं. तिथे त्याला पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा दिला, आणि त्या दिवसापासून त्याने बाटलीला हात लावला नाही. याबद्दल मी त्या लोकांचे मनापासून उपकार मानते. पण दारू सुटलेल्या माणसाला दुसऱ्याला सुधारल्याशिवाय चैन पडत नाही, आणि आमच्याकडे सुधारायला आईच होती.

आमच्या मराठी मंडळीत, म्हणजे आमच्या जुन्या चर्चमध्ये, पाळक तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी शिंपडतात. मूल मोठं झालं की सगळ्यांसमोर उभं राहून आपला विश्वास जाहीर करतं. आईचं असंच झालं, आमचंही. भावाच्या मते हे सगळं फुकट. आधी माणसाला कळलं पाहिजे, मग पश्चात्ताप, मग अख्खा माणूस पाण्याखाली. तेव्हा कुठे बाप्तिस्मा, आणि तो नसेल तर तारण नाही.

"तुमच्या मांजर्लीत पावसाळ्यात नदीच घरात शिरते," मी म्हटलं. "म्हणजे तुझ्या सोसायटीचं दरवर्षी तारण होतं."

तो हसला नाही. आई हसली, पण लगेच गंभीर झाली. भाकरीचं पीठ लागलेले हात तिने पदराला पुसले आणि विचारलं, "आणि तो?"

'तो' म्हणजे कोण, हे आमच्या घरात विचारावं लागत नाही. माझ्या आधी आईला एक मुलगा झाला होता. दोन दिवस जगला. दिवस भरायच्या आधीच झाला होता, म्हणून दवाखान्यात त्याला नर्सच्या खोलीत कापसात गुंडाळून, बाजूला गरम पाण्याच्या बाटल्या लावून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो निळा पडायला लागला. बाबा पाळकसाहेबांना आणायला कल्याणला गेलेले. तिथली नर्स केरळची, कॅथलिक होती. मूल जाण्याच्या बेतात असेल तर कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, असं तिच्याकडे मानतात. तिने स्टीलच्या पेल्यातलं पाणी त्याच्या डोक्यावर घातलं. बाबा पाळकांना घेऊन पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. एवढंच आम्हाला माहीत. आई यावर फार बोलायची नाही. पण मरणाचा विषय निघाला की म्हणायची, मला काही भीती नाही, माझं एक माणूस तिथे आहे.

"त्याची काळजी नको," भाऊ म्हणाला. "लहान मुलं निष्पाप असतात. त्यांना बाप्तिस्मा लागतच नाही. तो प्रभूजवळच आहे."

आईने मान हलवली. तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "म्हणजे तो तिथे, आणि मी नाही."

भावाने मान खाली घातली. त्याला तिला दुखवायचं नव्हतं, हे मला तेव्हाही दिसत होतं. त्याचा खरंच विश्वास होता आणि तो खरंच घाबरला होता. आईचं वय चौऱ्याहत्तर, वर दमा. म्हणून तर त्याला घाई झाली होती.

त्यानंतर दर शनिवारी तो आला आणि दर शनिवारी आम्ही भांडलो. मी वीस वर्षं संडे स्कूल शिकवते, मला हरवणं सोपं नाही. तो मोबाइलवरून बायबलमधलं वचन काढायचा, मी पाठ असलेलं त्याच्या अंगावर फेकायचे. माझं म्हणणं एकच होतं, आणि ते बरोबर होतं, आजही बरोबर आहे: तारण कृपेने मिळतं. माणसाने विश्वास ठेवला की झालं. त्यासाठी नदी लागत नाही, टाकी लागत नाही, पाण्याचा एक थेंबसुद्धा लागत नाही. देव काही नळ सोडून मोजत बसलेला नाही. हे मी आईला इतक्या वेळा आणि इतक्या ठासून सांगितलं की खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा जिन्यात विचारलं, "तुमच्याकडे पाणी येत नाही का हो?"

आई दोघांचं ऐकायची आणि कोणालाच काही म्हणायची नाही. डिसेंबरात एका शनिवारी ती म्हणाली, "मी घेते बुडवून."

मी खूप चिडले. डॉक्टर काय म्हणाले आठव, दमा आठव, थंडी बघ, असं सगळं बोलून झालं. ती म्हणाली, "तुझं खरं असलं तर माझं काय जाणार? नुसती भिजेन. आणि त्याचं खरं असलं तर?" याला माझ्याकडे उत्तर होतं, पण तिला ते नको होतं.

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी आम्ही रिक्षाने उल्हासनगरला गेलो. जीन्स शिवायच्या कारखान्याच्या वर तिसऱ्या मजल्यावर त्यांचा हॉल, आणि गच्चीवर फरशी लावलेली सिमेंटची टाकी. लिफ्ट नव्हती. भावाने आणि आणखी एकाने आईला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून वर नेलं. मागून मी तिचा दम्याचा पंप, टॉवेल आणि थर्मास घेऊन, तोंड फुगवून. भावाने सकाळपासून हिटर लावून टाकीतलं पाणी कोमट केलं होतं. तेवढं मात्र मला आवडलं.

आईला पांढरा झगा घातला. तो तिला इतका मोठा होता की बाह्यांना सेफ्टी पिना लावाव्या लागल्या. फेलोशिपचे पास्टर वयस्कर सिंधी गृहस्थ, सगळे त्यांना आदराने 'साईं' म्हणायचे; ते कंबरभर पाण्यात उभे होते. त्यांच्याकडे रीत अशी की माणूस पहिल्या पायरीवर उभा राहून सगळ्यांसमोर प्रश्नांची उत्तरं देतो आणि मगच पाण्यात उतरतो. आईच्या आधी दोघं जण झाले. मग तिची पाळी आली. भावाने तिचा एक हात धरला, दुसरा मी धरला, कारण ती घसरेल याची मला खात्री होती.

"अम्मा, अपने पापों से मन फिराया?"

"हो," आई म्हणाली. "हाँ."

"यीशु मसीह को अपना प्रभु मानती हो?"

"हाँ."

गच्चीवर हालेलूया झालं. मग तिसरा प्रश्न आला. जुन्या चर्चमधून आलेल्यांना ते हा मुद्दाम विचारतात. "बचपन में जो पानी डाला था, वो बपतिस्मा नहीं था। मानती हो?"

आई पायरीखालच्या पाण्याकडे बघत राहिली. पास्टरांनी पुन्हा विचारलं. आई आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "मेरा छोडो. मेरे को फिर से डालो, चलेगा. लेकिन छोटे बच्चे को डाला, वो?"

"वो सिर्फ पानी है, अम्मा। बच्चा क्या समझता है?"

तिने पायरीवरून पाय मागे घेतला.

"आई, मी सांगितलंय ना," भाऊ घाईने म्हणाला. "त्याला गरजच नव्हती."

आणि मी, माझी जीभ तेव्हाही स्वस्थ बसली नाही, दुसऱ्या बाजूने म्हणाले, "तेच तर मी केव्हाची सांगतेय. पाण्याची गरजच नसते!"

आईने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दोन्ही हात सोडवून घेतले.

"दोघं दर शनिवारी भांडता आणि दोघं एकच सांगता," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण दम लागलेला होता. "गरज नव्हती, गरज नव्हती. त्याला दूध ओढता येत नव्हतं. मला त्याला एकदाही नीट जवळ घेऊ दिलं नाही. दोन दिवसांत मी त्याच्यासाठी एवढंच केलं. त्या नर्सला पाणी घालायला मी सांगितलं. ती म्हणाली, नाव काय ठेवायचं? ते पण मी सांगितलं."

आणि तिने ते नाव घेतलं.

मी पन्नाशीची बाई. माझ्या थोरल्या भावाला नाव होतं, हे मला त्या गच्चीवर पहिल्यांदा कळलं. आम्ही जन्मभर त्याला 'तो' म्हणत आलो आणि तिने कधी दुरुस्त केलं नाही. मी आजवर इतक्या मुलांना तारण समजावून सांगितलं होतं, आणि माझ्याच आईला महिनोन्महिने सांगत होते की तू तुझ्या पोरासाठी जे एकमेव केलंस ते नसतं केलं तरी चाललं असतं. मला लाज वाटली आणि रडू आलं. भाऊ तर टाकीच्या कठड्यावर बसलाच.

पास्टर पाण्यातच उभे होते. त्यांनी हात जोडले. "ये सवाल रहने दो, अम्मा," ते हळूच म्हणाले. "ऐसे ही आ जाओ।"

त्यांना हे म्हणायला किती जड गेलं असेल, ते मला समजलं. त्यांच्या मागे सगळी मंडळी उभी होती. माझ्या मनातला त्यांच्यावरचा राग तिथल्या तिथे उतरला. पण आईने मान हलवली. "नको, साईं. थंडी वाजते. घरी जाते."

आम्ही तिला पुन्हा खुर्चीत बसवलं. या वेळी एका बाजूने भाऊ आणि दुसऱ्या बाजूने मी. दुसऱ्या मजल्यावर दम घ्यायला खुर्ची टेकवली, तेव्हा भावाला राहवलं नाही. तो तिच्यासमोर उकिडवा बसला. डोळे लाल झाले होते. "आई, पण मग तुझं काय?" त्याने विचारलं. त्याच्या आवाजात वाद नव्हता, नुसती भीती होती. आई गेली आणि कुठे गेली हे आपल्याला कळलं नाही, तर आपण कसं जगायचं, ही.

आईने झग्याच्या बाहीने त्याचं तोंड पुसलं.

"त्याच्या वेळी मी कोणाला विचारलं नव्हतं," ती म्हणाली. "माझ्या वेळी पण नाही विचारणार."