कुंपणापलीकडे गेलेली केळ

चहा द्या, बिस्किटं द्या, पण माझ्यापुढे केळं करू नका! जन्मात झाली नव्हती एवढी फजिती माझी एका केळीपायी झाली, आणि अजून आठवलं की डोकं तापतं.

गावात टीव्ही एकच होता, तेव्हाची गोष्ट. मी वसईच्या शाळेत सायन्स शिकवायचो आणि सकाळ-संध्याकाळ वाडी बघायचो. शेजारची वाडी इनासची. एक दिवस बघतो तर काय, मी स्वतः लावलेली केळ, केळ्यांच्या लोंगरासकट, कुंपणाच्या पलीकडे! लावली तेव्हा चांगली दोन पावलं आत होती हो!

म्हणजे याने कुंपण सरकवलं. माझ्या बापाची जमीन! कोणाला संताप येणार नाही?

"इनास, लाज नाही वाटत? कुंपण कधी सरकवलंस?"

"मी कशाला सरकवू मास्तर? तुमची केळच चालत आली."

चालत आली! आणि हे सांगतोय कुणाला? मला? दरवर्षी सातवीच्या पोरांना घसा फोडून सांगतो मी, प्राणी जागा बदलतात, वनस्पती बदलत नाहीत!

बायको म्हणाली, "अहो, त्याच्याच विहिरीचं पाणी पितो आपण. जरा दमानं घ्या." कसलं दमानं! मी थेट सरपंचांना घेऊन आलो. मागोमाग अर्धी आळी. सगळ्यांसमोर मी विचारलं, "केळीला पाय असतात? पंख असतात? मग?"

इनास सरळ घरात गेला. फावडं आणलं आणि माझ्या बाजूची माती उकरली. कापलेल्या केळीचा कुजका गड्डा निघाला. वीतभर पुढे दुसरा. मग तिसरा. रांग सरळ कुंपणाकडे!

"मास्तर, लोंगर काढलं की केळ कापता आणि पुढच्या वर्षाला बुंध्याशी फुटलेलं एक पिल ठेवता ना? कुठलं ठेवता?"

"जोमाचं!"

"जोमाचं म्हणजे माझ्या पाण्याच्या पाटाकडचं. तुमच्या अंगाची, तुमच्या बाजूची, सगळी पिलं कोयत्यानं उडवता. इतकी वर्षं तुम्हीच तिला एकेक वीत माझ्याकडे आणलीत."

सरपंच तोंडावर टॉवेल धरून हसायला लागले. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

"लोंगर तुमचंच, घेऊन जा," इनास म्हणाला. "आणि आता मी तुमच्या अंगाचं पिल ठेवत जातो. दोन-तीन वर्षांत येईल ती परत."

आता तरी गप्प बसावं की नाही मी? पण नाही! सगळ्यांदेखत विचारून बसलो, "नक्की येईल ना रे चालत?"