घराच्या आधीचा कॉर्ड

बायको गेल्यावर मी शाळा सुटली की दौंड स्टेशनात बसून राही. घरी जायचं धाडस नव्हतं, म्हणून हातात बहाण्याला जाडजूड पुस्तक. शेजारच्या बाकावर लग्नाच्या बँडमधला अकॉर्डियनवाला हनुवटी वाद्यावर टेकवून सिनेमाची गाणी वाजवायचा. ध्रुवपद परत येण्याआधी कॉर्डमधला, म्हणजे एकत्र दाबलेल्या सुरांमधला, एक सूर तो मुद्दाम कोमल करी आणि मी पुस्तकातून मान वर करी.

"चुकलं का हो?" मी विद्वानासारखं विचारलं.

"न्हाई मास्तर. ध्रुवपद म्हंजी गाण्याचं घर. घर जवळ आलं की असंच व्हतं."

एकदा त्याच कॉर्डवर थांबून त्यानं भाता मिटला. "फुडचं घरी जाऊन म्हणा."

गेलो. कुलूप काढून ध्रुवपद म्हटलं. इतकं बेसूर, की बायको असती तर पदर तोंडात धरून हसली असती. त्या संध्याकाळी मलाच हसावं लागलं.