सगळ्यांना पोचलं का?

ऑफिसात आबांसोबत डबा खायला बसणं म्हणजे भुकेची परीक्षाच. सगळे बसले, झाकणं उघडली, तरी त्यांचा हात भाकरीला लागायचा नाही. मान लांब करून टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघायचे आणि विचारायचे, ‘‘सगळ्यांना पोचलं का?’’ अहो, ज्याचा डबा त्याच्यासमोर, त्यात पोचायचं काय! पण कुणी डबा घरीच विसरलेला असायचा, कुणी बाहेर फोनवर असायचं. एकाला वाटून होईपर्यंत, दुसरा येईपर्यंत थांबायचं. आमच्या भाज्या गारढोण व्हायच्या.

ही खोड त्यांच्या गावची. खालापूरकडच्या भातशेतीवाल्या घरातला हा माणूस. गावात लग्न असो की बारसं, पंगतीत शेवटची नजर आबांची. अनवाणी पायांनी रांगेतून जायचे, प्रत्येक पान बघायचे आणि मग म्हणायचे, ‘‘घ्या.’’ त्याआधी कुणी भाताला हात लावत नसे. कुंभिवलीच्या आमच्या ऑफिसात, जिथे आम्ही कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहायचो, ते सर्वांत जुने प्रोग्रामर होते आणि सर्वांत तापट. त्यांनी कीबोर्ड आपटला की चहावाला दारातूनच परत फिरायचा.

एकदा खोपोलीच्या एका कारखान्याचं काम आलं. भोंगा वाजला की कामगारांनी मैदानात जमायचं आणि अजून आत कोण राहिलंय, त्यांची नावं फाटकावरच्या पडद्यावर दिसायला हवीत. माझे बाबा त्याच कारखान्यात बॉयलरवर होते. त्यामुळे हे काम मला इतर कामांसारखं नव्हतंच. वीज जाऊन आली, सर्व्हर उठला, की ती यादी कधी नीट यायची, कधी कोरी. यावर आमच्याकडे एक ठरलेला तोडगा होता : पुन्हा चालू करायचं. दुसऱ्या खेपेला बहुतेक वेळा नावं यायची आणि सगळे खूश. आबा सोडून.

ते हात धुऊन त्या दोषाच्या मागे लागले. चालू होण्याचा क्रम त्यांनी पुन्हा पुन्हा तपासला आणि शेवटी दोष हाती लागला. यादी करणारा भाग तयार होता होताच फाटकावरच्या आत-बाहेरच्या नोंदी मागत होता. त्या आणून देणारा भाग फ्रेमवर्क, म्हणजे सगळे भाग जोडणारा तयार सांगाडा, कधी आधी उभा करायचं, कधी नंतर. नंतर उभा राहिला, की यादीच्या हाती काहीच नसायचं. मग चूक दडपून ती बिनदिक्कत कोरी यादी दाखवायची. माझ्या डोक्यात काही शिरेना, तेव्हा आबांनी खुर्ची ओढली.

‘‘पंगतीत बसतेस, मग वाढतात, मग जेवतेस. बरोबर? ही बसता बसताच घास तोंडात घालतेय. पान रिकामं हाय, तरी म्हणते जेवले.’’

आमच्या साहेबांना काम त्याच दिवशी द्यायचं होतं. त्यांचं म्हणणं, चूक दिसत नाही ना, मग जाऊ दे. पुढच्या वेळी बघू. आबा उठून उभे राहिले. मला वाटलं, आता काहीतरी आपटणार. पण आवाज अगदी खाली आला.

‘‘कोरी यादी बघून फाटकावरचा माणूस काय समजंल? आत कुणी नाय. मग आत कोण जाईल, साहेब?’’

काम त्या दिवशी गेलं नाही. सगळे भाग हाती पडल्यावरच यादीने नोंदी मागायच्या, असं आबांनी करून घेतलं. तोवर पडद्यावर लाल अक्षरांत ‘यादी तयार नाही’ असं येऊ लागलं. साहेब कितीतरी दिवस त्यांच्याशी धड बोलत नव्हते. आबांना त्याचं काही नव्हतं.

पुढे एका दुपारी त्या कारखान्यात धूर झाला. वीज गेली, आली, सर्व्हर उठला. क्षणभर लाल अक्षरं आली, मग पडद्यावर एकच नाव राहिलं. ते माझ्या बाबांचं होतं. माणसं आत धावली आणि बॉयलरमागे बेशुद्ध पडलेल्या बाबांना उचलून बाहेर घेऊन आली. दुसऱ्या दिवशी मी आबांसमोर नुसती रडत उभी राहिले. त्यांनी स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढे सरकवली आणि नेहमीसारखी टेबलावर नजर फिरवली.

या वर्षी आबा गेले. छातीत दुखलं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. अजून विश्वास बसत नाही, आणि बसवून घ्यायची इच्छाही नाही.

तेराव्याला बाबा आणि मी त्यांच्या गावी गेलो. मांडवात पंगत बसली. भात वाढला, आमटी आली, वडे आले. वाढणारे मागे सरले. आणि कुणीच जेवेना. सगळी रांग खाली मान घालून बसून राहिली. कुणाची वाट बघतोय ते सगळ्यांना ठाऊक होतं. आतल्या बायकांचा हुंदका बाहेर ऐकू आला.

तेव्हा माझ्या शेजारचे बाबा उठले. परक्या गावचा माणूस, धुरानंतर चार पावलं चाललं तरी दम लागणारा. ते रांगेच्या टोकाला गेले आणि एकेक पान बघत हळूहळू पुढे आले. एका म्हातारीच्या पानात वडा नव्हता; तो वाढायला लावला, ती सावरून बसेपर्यंत तिच्यापाशी थांबले. मग रांगेच्या शेवटी उभे राहून म्हणाले,

‘‘सगळ्यांना पोचलंय. घ्या.’’